रेडिओअ‍ॅक्टिव्ह मॅनचे सहा अंक: नव्या वाचकांनी कसे शोधायचे, वाचायचे आणि जपायचे

‘द सिम्पसन्स’ ही अमेरिकन कार्टून मालिका ज्यांनी मन लावून पाहिली आहे, त्यांना त्यातल्या बार्ट या मुलाच्या हातातलं ते कॉमिक ओळखीचं असतं. रेडिओअ‍ॅक्टिव्ह मॅन हा मालिकेतल्या स्प्रिंगफील्ड गावच्या पोरांचा लाडका सुपरहिरो आणि फॉलआउट बॉय हा त्याचा छोटा साथीदार. मालिकेच्या जगात हे अमेरिकेतलं जुनं, गाजलेलं कॉमिक आहे. प्रत्यक्षात ते मालिकेतल्या लेखकांनी रचलेलं विडंबन आहे. पण पुष्कळांना हे माहीत नसतं की १९९३ पासून हे कॉमिक खरोखर छापलं गेलं, दुकानांत विकलं गेलं आणि आजही विकत मिळतं.

माझ्या मते अमेरिकन कॉमिक्सचा चाळीस वर्षांचा इतिहास समजून घ्यायला या सहा अंकांइतकी चांगली वाट दुसरी नाही. पण नवा माणूस त्यात शिरला की पहिल्या दहा मिनिटांत गोंधळतो. अंकावर १९५२ लिहिलेलं असतं, पहिल्या अंकानंतर थेट अठ्ठ्याऐंशीवा समोर येतो, आणि शोधपेटीत नाव टाकलं की भलत्याच कंपनीचा खलनायक हजर होतो. मी या सगळ्यातून गेलो आहे. तुमचा वेळ आणि पैसा वाचावा म्हणून पायऱ्या क्रमाने देतो.

सुरुवातीला हाताशी काय हवं

- परदेशी व्यवहार चालू केलेलं डेबिट किंवा क्रेडिट कार्ड. २०२० पासून नव्या कार्डांवर ही सोय आपोआप चालू नसते. बँकेच्या अ‍ॅपमध्ये जाऊन ती चालू करावी लागते.
- केवायसीसाठी आधार किंवा पासपोर्टची स्पष्ट स्कॅन प्रत. कुरिअरने परदेशातून पार्सल येणार असेल तर ही लागतेच.
- विक्रेत्याची पावती आणि पैसे भरल्याचा पुरावा, दोन्ही पीडीएफमध्ये.
- कॉमिकच्या मापाच्या पारदर्शक पिशव्या आणि आम्लमुक्त पुठ्ठे.
- सिलिका जेलच्या पुड्या, आणि जमल्यास आर्द्रता दाखवणारं छोटं मीटर.
- एलईडी टॉर्च. कशासाठी ते आठव्या पायरीत सांगतो.

१. आधी मालिकेतले दोन भाग पाहा

कॉमिक हातात घेण्याआधी हे दोन भाग पाहिलेच पाहिजेत.

पहिला आहे दुसऱ्या पर्वातला ‘थ्री मेन अँड अ कॉमिक बुक’. तो ९ मे १९९१ रोजी प्रसारित झाला. बार्टला रेडिओअ‍ॅक्टिव्ह मॅनचा पहिला अंक दिसतो, किंमत १०० डॉलर. एकट्याला परवडत नाही म्हणून बार्ट आणि त्याचे वर्गमित्र मिलहाउस आणि मार्टिन पैसे एकत्र करून तो घेतात, आणि मग तिघांचाही एकमेकांवरचा विश्वास उडतो. अंक कोणी घरी न्यायचा यावरून रात्र झाडावरच्या घरात जागून काढतात. शेवटी वादळात मिलहाउस खाली लटकतो, दुसरीकडे अंक उडून चाललेला असतो आणि बार्टला दोहोंपैकी एकच वाचवता येणार असतं. संग्राहकाच्या मनातली हाव आणि मैत्री यांची अशी टक्कर टीव्हीवर फार थोड्यांनी दाखवली असेल. कॉमिकच्या दुकानाचा तो जाडा, कुत्सित मालकही याच भागात पहिल्यांदा भेटतो.

याच भागात पन्नाशीच्या दशकातल्या रेडिओअ‍ॅक्टिव्ह मॅनच्या टीव्ही मालिकेचा एक तुकडा आहे. तिचा प्रायोजक सिगारेटचा ब्रँड आहे. त्या काळात अमेरिकन टीव्हीवर सिगारेटच्या जाहिराती सर्रास चालत, हे डोक्यात ठेवून तो तुकडा पाहा. नायकाचा जन्मही इथेच कळतो: अणुचाचणीच्या वेळी क्लॉड केनची, म्हणजे आपल्या नायकाची, पँट काटेरी तारेत अडकते आणि स्फोट त्याच्या अंगावर होतो.

दुसरा भाग सातव्या पर्वातला, नावच ‘रेडिओअ‍ॅक्टिव्ह मॅन’, तारीख २४ सप्टेंबर १९९५. हॉलीवूडवाले चित्रपट काढायला स्प्रिंगफील्डमध्ये येतात, फॉलआउट बॉयची भूमिका बार्टऐवजी मिलहाउसला मिळते, आणि गावकरी चित्रपटवाल्यांना इतकं लुबाडतात की ते गाशा गुंडाळून निघून जातात. हा भाग मालिकेत पहिल्यांदा संगणकावर रंगवला गेला. मधल्या एका दृश्यात जुन्या, रंगीबेरंगी, नाचगाण्याच्या रेडिओअ‍ॅक्टिव्ह मॅन मालिकेचा तुकडा येतो. ती १९६६ च्या बॅटमॅन मालिकेची थेट नक्कल आहे.

वेळ असेल तर एकोणिसाव्या पर्वातला ‘हजबंड्स अँड नाइव्ह्ज’ (२००७) नंतर पाहा. त्यात खरे कॉमिक लेखक अ‍ॅलन मूर स्वतःच्या आवाजात येतात आणि मालिकेच्या जगात त्यांनीही रेडिओअ‍ॅक्टिव्ह मॅन लिहिलेलं असतं. पण हा भाग ६७९ वा अंक वाचून झाल्यावर पाहिलात तर दुप्पट रंगतो.

२. आकड्यांचा खेळ समजून घ्या

सर्वांत जास्त लोक इथेच अडतात, म्हणून सविस्तर सांगतो.

१९९३ मध्ये मालिकेचे निर्माते मॅट ग्रेनिंग यांनी स्टीव्ह व्हान्स, सिंडी व्हान्स आणि बिल मॉरिसन यांच्यासोबत बाँगो कॉमिक्स ही प्रकाशनसंस्था काढली. सुरुवातीच्या मालिकांमध्ये रेडिओअ‍ॅक्टिव्ह मॅन होती. सहाच अंकांची मालिका, १९९३-९४ मध्ये छापलेली. पण अंकांवर आकडे आणि तारखा अशा आहेत:

अंक १, नोव्हेंबर १९५२
अंक ८८, मे १९६२
अंक २१६, ऑगस्ट १९७२
अंक ४१२, ऑक्टोबर १९८०
अंक ६७९, सप्टेंबर १९८६
अंक १०००, जानेवारी १९९५

मधले अंक अस्तित्वातच नाहीत. २ ते ८७ शोधत बसू नका. बाँगोने असं सोंग घेतलं आहे की हे कॉमिक १९५२ पासून अखंड चालू आहे आणि त्यातले निवडक सहा अंक तुमच्या हाती आले आहेत. प्रत्येक अंक आपापल्या काळातल्या चित्रशैलीत, भाषेत आणि मांडणीत रचला आहे.

वहीत या तारखांचा हिशेब मांडून पाहा, मजा येते. पहिल्या साडेनऊ वर्षांत ८७ अंक, म्हणजे महिन्याला एकापेक्षा कमी. पुढची दहा वर्षं साधारण महिन्याला एक. १९७२ ते १९८० मध्ये बरोबर महिन्याला दोन. आणि १९८० नंतर महिन्याला तीनाहून अधिक. रचणाऱ्यांनी हा वेग ठरवून धरला होता की गमतीचे आकडे जुळवताना तो तसा आला, हे महत्त्वाचं नाही. एकच हिरो जास्तीत जास्त विकायची अमेरिकन प्रकाशकांची धडपड ऐंशी-नव्वदच्या दशकांत कशी वाढत गेली, त्याचंच चित्र त्यात दिसतं.

यातला धोका खरा आहे. काही विक्रेते यादीत ‘१९५२ चा अंक’ असं लिहितात आणि किंमत त्या हिशेबाने लावतात. मुखपृष्ठावरची तारीख काहीही असो, आतल्या पानावर तळाशी बारीक टायपात प्रकाशकाचं नाव आणि हक्काचं खरं वर्ष छापलेलं असतं. विक्रेत्याकडे त्या ओळीचा फोटो मागा. बाँगो आणि १९९३ किंवा १९९४ दिसलं की ते खरं. १९५२ साली छापलेला रेडिओअ‍ॅक्टिव्ह मॅन जगात कुठेही नाही, तेव्हा कोणी ‘दुर्मिळ मूळ प्रत’ म्हणाला तर संवाद तिथेच थांबवा.

३. नावाची गल्लत टाळा

मार्व्हलचा याच नावाचा एक खलनायक आहे. चेन लू नावाचा शास्त्रज्ञ, पहिल्यांदा आला ‘जर्नी इन्टू मिस्टरी’च्या ९३ व्या अंकात, जून १९६३ मध्ये, थॉरशी लढायला. तो हिरवा आहे आणि त्याचा सिम्पसन्सशी काडीचाही संबंध नाही. नुसतं नाव टाकून शोधलंत तर निम्मे निकाल त्याचेच येतात. म्हणून शोधताना नावापुढे नेहमी ‘बाँगो’ जोडा. बाँगो आणि अंकाचा आकडा एवढं टाकलं तरी हवं ते सापडतं.

४. अंक कोणत्या क्रमाने आणि कशाच्या सोबतीने वाचायचे

क्रम आकड्यांप्रमाणेच ठेवा. पण प्रत्येक अंकाआधी त्या काळाबद्दल थोडं वाचून घ्या, नाहीतर अर्ध्या गमती हातून सुटतात.

अंक १: १९५२ म्हणजे अणुयुगाची सुरुवात. अमेरिकेने नेवाडाच्या वाळवंटात १९५१ पासून अणुचाचण्या सुरू केल्या होत्या, आणि पहिला हायड्रोजन स्फोट १ नोव्हेंबर १९५२ रोजी पॅसिफिकमधल्या एनेवेटाक बेटांवर केला. अंकावरही नोव्हेंबर १९५२ हीच तारीख आहे. शाळेतल्या पोरांना बॉम्ब पडला तर बाकाखाली कसं लपायचं ते शिकवलं जात होतं. किरणोत्सर्गातून सुपरहिरो जन्माला येणं ही कल्पना त्या भीतीतूनच आलेली आहे. कॉमिकमध्ये क्लॉडच्या डोक्यात विजेच्या आकाराचा लोखंडी तुकडा कायमचा रुतून बसतो आणि बिचारा तो लपवायला सदैव टोपी घालतो. चष्मा लावला की सुपरमॅन ओळखू येत नाही, या जुन्या प्रथेची ही फार गोड टवाळी आहे. या अंकाचं मुखपृष्ठ अंधारात चमकतं.

अंक ८८: इथे येण्याआधी १९५४ साली काय घडलं ते माहीत हवं. फ्रेडरिक वर्थम नावाच्या मानसोपचारतज्ज्ञांनी कॉमिक्समुळे मुलं बिघडतात असं पुस्तक लिहिलं, अमेरिकन सिनेटच्या उपसमितीने सुनावण्या घेतल्या, आणि घाबरलेल्या प्रकाशकांनी त्याच वर्षी कॉमिक्स कोड नावाची स्वतःचीच सेन्सॉर यंत्रणा उभी केली. भयकथा आणि गुन्हेकथा जवळजवळ संपल्या. मग १९६१ च्या नोव्हेंबरमध्ये ‘फँटास्टिक फोर’ आला, ऑगस्ट १९६२ मध्ये स्पायडर-मॅन आला, आणि मार्व्हलच्या स्टॅन ली, जॅक कर्बी, स्टीव्ह डिट्को यांनी घरगुती कटकटींनी गांजलेले सुपरहिरो रूढ केले. ८८ वा अंक बरोबर त्या वळणावर बसतो. त्यात मॅग्मो हा लाव्हामानव आहे. कर्बीचे अवाढव्य राक्षस ज्यांनी पाहिले आहेत त्यांना तो लगेच ओळखू येईल.

अंक २१६: माझ्या मते सहांतला सर्वांत धारदार अंक. १९७० पासून अमेरिकन कॉमिक्सला एकाएकी सामाजिक भान आलं. ‘ग्रीन लँटर्न’च्या ७६ व्या अंकापासून डेनिस ओनील आणि नील अ‍ॅडम्स यांनी एका पारंपरिक विचाराच्या हिरोची जोडी एका बंडखोर हिरोशी जमवली आणि दोघांना गरिबी, वंशभेद, प्रदूषण यांच्यासमोर उभं केलं. १९७१ मध्ये स्पायडर-मॅनचे तीन अंक अमली पदार्थांच्या विषयामुळे कोडच्या शिक्क्याविना छापावे लागले. ते खरे अंक आज वाचले तर त्यांची कळकळ भिडते आणि भाषणबाजी थकवते. विडंबनकाराने दोन्ही गोष्टी नेमक्या हेरल्या आहेत. ‘ग्रीन लँटर्न’ ७६ आधी वाचा आणि मग हा अंक घ्या. एक संध्याकाळ राखून ठेवण्यासारखी ही जोडी आहे.

अंक ४१२: १९८० म्हणजे क्रिस क्लेअरमाँट आणि जॉन बर्न यांच्या ‘एक्स-मेन’चं वर्ष. मोठी टीम, प्रत्येक चौकटीत दाटलेला मजकूर, विश्व बुडवू शकणारी शक्ती आणि न संपणारं रडगाणं. हा अंक वाचताना मजकुराच्या दाटीकडे लक्ष द्या. विनोद बऱ्याचदा त्या दाटीतच लपलेला असतो.

अंक ६७९: १९८६ ला ‘वॉचमेन’ सुरू झालं आणि ‘द डार्क नाइट रिटर्न्स’ आलं. अ‍ॅलन मूर आणि डेव्ह गिबन्स यांची नऊ चौकटींची काटेकोर जाळी, फ्रँक मिलरचे टीव्हीच्या पडद्यांसारखे छोटे चौकोन, थकलेले, कडवट हिरो. ही दोन पुस्तकं वाचली नसतील तर ६७९ वा अंक बाजूलाच ठेवा. ती वाचून या अंकाकडे परत आलात तर पानाची रचना पाहूनच हसू येईल. दोन्ही पुस्तकं भारतात सहज मिळतात.

अंक १०००: नव्वदीतला फुगा. १९९२ मध्ये इमेज कॉमिक्स ही नवी प्रकाशनसंस्था निघाली. फुगलेले स्नायू, दात-ओठ खाणारे चेहरे, अंगभर पट्टे-पाकिटं आणि चकाकती मुखपृष्ठं यांचा पूर आला. लोक वाचण्यासाठी कमी आणि पुढे महाग विकण्यासाठी जास्त अंक घेऊ लागले, आणि १९९३ नंतर तो बाजार कोसळला. हा अंक त्या कोसळत्या बाजाराच्या मधोमध छापला गेला आहे, म्हणून त्याला वेगळीच धार आहे. खऱ्या जगात सुपरमॅनच्या ‘अ‍ॅक्शन कॉमिक्स’ला हजाराव्या अंकापर्यंत पोचायला १९३८ पासून २०१८ पर्यंत वाट पाहावी लागली.

५. प्रत निवडताना

अमेरिकन विक्रेते दहा गुणांची श्रेणी वापरतात. तिच्या नावांनी नवा माणूस हमखास फसतो. ‘गुड’ म्हणजे चांगली प्रत नव्हे. गुड म्हणजे २.०, अर्थात बरीच झिजलेली, दुमडलेली. ‘व्हेरी गुड’ ४.०, ‘फाइन’ ६.०, ‘व्हेरी फाइन’ ८.०, आणि ‘निअर मिंट’ ९.४. वाचायला ६.० ते ८.० ची प्रत उत्तम. त्यावर जास्त पैसे घालू नका.

काही प्रती कडक प्लास्टिकच्या सीलबंद खोक्यात, श्रेणीचं लेबल लावून विकल्या जातात. त्या उघडून वाचता येत नाहीत. हे कॉमिक वाचण्यासाठी आहे, तेव्हा त्या घेऊ नका. शिवाय बाजार फुगलेल्या काळात कॉमिक्स भरपूर छापली जात होती आणि या मालिकेचे अंक आजही अमेरिकेतल्या दुकानांत जुन्या अंकांच्या खोक्यांत सापडतात. ‘गुंतवणूक’ हा शब्द ऐकला की हात आखडता घ्या.

पैसे पाठवण्याआधी विक्रेत्याला विचारा: मधल्या पिना गंजल्या आहेत का? अंकासोबत आलेलं पोस्टर, कार्ड असं काही असेल तर ते जागेवर आहे का? अंकाच्या कण्यावर, म्हणजे पिना मारलेल्या घडीवर, किती पांढऱ्या रेघा आहेत? पिनांचा जवळून फोटो मागायला संकोच करू नका. जो विक्रेता फोटो द्यायला टाळाटाळ करतो, त्याच्याकडून मी घेत नाही.

६. कुठून घ्यायचं

सर्वांत सोपा आणि स्वस्त मार्ग म्हणजे अमेरिकेत राहणारं आपलं माणूस. न्यू जर्सी, बे एरिया, टेक्सास, जिथे भाचा, मैत्रीण, आतेभाऊ असेल तिथला पत्ता विक्रेत्याला द्या. देशांतर्गत टपालखर्च थोडा लागतो आणि सहाही अंक मिळून वजन अगदी कमी भरतं. फक्त एक विनंती आवर्जून करा: अंक दोन जाड पुठ्ठ्यांच्या मध्ये ठेवून केबिनच्या बॅगेत आणायचे, चेक-इनच्या बॅगेत मसाले, चॉकलेट आणि बुटांबरोबर नाही. येणाऱ्याला हे मोकळेपणाने सांगा, लोक मनापासून करतात.

दुसरा मार्ग परदेशी लिलाव आणि जुन्या कॉमिक्सच्या संकेतस्थळांचा. इथे सहा अंक सहा विक्रेत्यांकडून घेऊ नका, टपालखर्च अंकांच्या किमतीपेक्षा जास्त होतो. ‘पूर्ण संच’ असा शोध घ्या आणि थांबायची तयारी ठेवा. संच येत राहतात.

तिसरा मार्ग आपल्या गावातला. मुंबईत फ्लोरा फाउंटनच्या आणि माटुंग्याच्या किंग्ज सर्कलच्या पदपथांवर, पुण्यात अप्पा बळवंत चौकाच्या आसपास जुनी इंग्रजी कॉमिक्स येतात. सिम्पसन्सचे अंक अधूनमधून दिसतात, त्यात रेडिओअ‍ॅक्टिव्ह मॅन मिळणं नशिबाचा भाग. ज्यांनी इंद्रजाल कॉमिक्सचे मराठी अंक आणि त्यातला वेताळ रद्दीच्या दुकानांतून एकेक करून जमवला आहे, त्यांना या चिकाटीची सवय असेलच. मुंबई कॉमिक कॉनला जुन्या अंकांचे स्टॉल असतात, तिथे विक्रेत्याला आपली यादी देऊन ठेवा.

७. कस्टम्स आणि कुरिअर

पार्सल थेट भारतात मागवलंत तर कुरिअर कंपनीकडून केवायसीचा संदेश येतो. तो लगेच पूर्ण करा. उशीर झाला की पार्सल गोदामात पडून राहतं आणि काही वेळा त्याचे पैसे लागतात. आधारवरचं नाव आणि पार्सलवरचं नाव अक्षरशः जुळलं पाहिजे. खरेदी करताना घरातलं टोपणनाव टाकू नका.

विक्रेता मदत म्हणून ‘गिफ्ट लिहितो’ असं म्हणाला तर नाही म्हणा. भारतात भेटवस्तूंना पूर्वी मिळणारी सूट २०१९ च्या डिसेंबरपासून राखी आणि जीवरक्षक औषधं सोडून बंद झाली आहे. फायदा काहीच नाही, खोटी नोंद मात्र तुमच्या नावावर होते. खरी किंमत आणि ‘वापरलेली छापील कॉमिक पुस्तकं’ असं वर्णन लिहायला सांगा. माझं एक पार्सल नुसत्या ‘कलेक्टिबल’ या शब्दामुळे चौकशीत अडकलं होतं. पावती पाठवल्यावर सुटलं, पण वेळ गेला.

८. पार्सल हाती आल्यावर

खोकं उघडतानाचा व्हिडिओ काढा. तक्रार करायची वेळ आली तर तोच पुरावा. कात्री किंवा ब्लेड खोलवर घालू नका, पुठ्ठ्याच्या आत लगेच अंक असतो. चिकटपट्टी लावलेली पिशवी असेल तर अंक बाहेर काढण्याआधी पट्टी पूर्ण सोलून पिशवीच्या मागे दुमडा, नाहीतर ती मुखपृष्ठाला चिकटते आणि रंग उपटते.

पहिल्या अंकाच्या मुखपृष्ठावर एलईडी टॉर्च मिनिटभर धरा आणि दिवे मालवा. चमक दिसली पाहिजे. चमक फिकी वाटली तर घाबरू नका, जास्त वेळ प्रकाश द्या. उन्हात मात्र ठेवू नका, बाकीचा रंग उडतो.

फाटलेलं पान दिसलं तर सेलोटेप लावायचा मोह आवरा. काही वर्षांत ती पिवळी पडते आणि कागद कायमचा खराब होतो. फाटकं पान तसंच राहू द्या.

९. पावसाळ्यासाठी साठवण

अमेरिकेत छापलेले सल्ले आपल्याकडे पुरत नाहीत, कारण जून ते सप्टेंबर कोकणात आणि मुंबईत हवेतली आर्द्रता कागदाला सोसेल त्याच्या पलीकडे जाते. कागदासाठी ४० ते ५० टक्के आर्द्रता बरी, आणि आपल्याकडे पावसात ती ८० च्या वर असते.

प्रत्येक अंक आम्लमुक्त पुठ्ठ्यासह पिशवीत घाला. पिशवी पॉलिप्रॉपिलीन किंवा मायलरची घ्या. किराण्याच्या दुकानातल्या साध्या पिशव्या काही वर्षांत चिकट होतात. अंक उभे ठेवा, पण सैल नको, नाहीतर ते मधून वाकतात. झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि पावसाळ्यात त्या नियमित बदला. रंग बदलणारं जेल घेतलंत तर कधी बदलायचं ते दिसतं.

डबा बाहेरच्या भिंतीला लागून किंवा जमिनीवर ठेवू नका. ओल आधी तिथेच येते आणि तिच्या मागोमाग कसर आणि वाळवी. आजी-आजोबांच्या पोथ्यांत वेखंड असायचं, तेही डब्यात चालतं, मात्र कापडी पुरचुंडीत, अंकाला न टेकवता. डांबरगोळ्या अजिबात नकोत, प्लास्टिक आणि शाई दोन्हींवर त्यांचा परिणाम होतो. ऑक्टोबरच्या उन्हाळ्यात हवा कोरडी झाली की सगळे अंक बाहेर काढून, पिना तपासून, तासभर सावलीत वारा लागू द्या. त्याच दिवशी पुन्हा वाचूनही घ्या.

१०. सहा अंक झाल्यावर पुढे

बाँगोने २००० च्या सुमारास रेडिओअ‍ॅक्टिव्ह मॅन पुन्हा काढलं, तेही असेच उड्या मारणारे आकडे वापरून. लेखक बॅटन लॅश. या मालिकेला २००२ मध्ये सर्वोत्कृष्ट विनोदी प्रकाशनाचा आयस्नर पुरस्कार मिळाला. अमेरिकन कॉमिक्सचा हा मोठा सन्मान आहे. चित्रकारांत डॅन डिकार्लो यांचंही नाव आहे. ज्यांच्या हातच्या बेटी आणि व्हेरॉनिका पाहत आपल्यापैकी कित्येकजण आर्ची वाचायला शिकलो, तेच हे. पहिल्या सहांपेक्षा ही मालिका शोधायला अवघड, पण वर दिलेले सगळे नियम तिलाही तसेच लागू पडतात.

सुटे अंक गोळा करण्याची धडपड नको असेल तर सुरुवातीचे अंक एकत्र बांधलेलं ‘रेडिओअ‍ॅक्टिव्ह रिपॉझिटरी’ हे पुस्तक शोधा. वाचनाचा आनंद बहुतेक तोच मिळतो. बाँगो कॉमिक्स २०१८ मध्ये बंद झालं, त्यामुळे जे छापलं गेलं तेवढंच बाजारात फिरत आहे. पुस्तक आणि सुटे अंक यांपैकी एकच घ्यायचं असेल तर पुस्तक घ्या आणि उरलेल्या पैशांत ‘वॉचमेन’ आणि ‘ग्रीन लँटर्न’चे ते अंक आणा.